सात वाव पाणी

हिंमतरावांनी कपाशीच्या पऱ्हाटीत रोवलेली काठी दोन्ही हातांनी उपटली, टोकाला बांधलेली पांढरी चिंधी तशीच फडफडू दिली, आणि काठी खांद्यावर टाकून ते तरातरा शाळेकडे निघाले. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसलेल्या वेचणीच्या बायांनी पदर तोंडाला लावले. त्यांची म्होरकी तानुबाई तेवढी उठून उभी राहिली.

"काठी नेली म्हनून मुडदा जाते काय, पाटील?" ती मागून ओरडली.

हिंमतरावांनी मागं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तोंडातून भलतंच काही निघालं असतं, आणि तानुबाईच्या टोळीशिवाय या दिवसांत कापूस घरात येत नाही, एवढं भान रागातही होतं. वेचणीच्या पहिल्या दिवशी पहिल्या तासाला, म्हणजे झाडांच्या पहिल्या ओळीला, हळदकुंकू लावून दहीभात ठेवायचा, त्याला सीतादही म्हणायचं, आणि मगच बायांनी कमरेला ओटी बांधायची, ही इकडची रीत. दहीभाताचं गंज सकाळपासून धुऱ्यावर झाकून पडलं होतं. ज्या वावरात माणूस मेला त्या वावरात सीतादही ठेवणार नाही, असं तानुबाईनं साफ सांगितलं होतं. बोंडं फुटून कापूस लोंबायला लागला होता. एक वारा सुटला की सगळं पांढरं सोनं मातीत.

आणि खरं सांगायचं तर त्या वावरात चिमणीसुद्धा मेलेली नव्हती. माणूस मेला होता समुद्रात, कोकणच्या एका बंदरापुढे, इथून शे-दीडशे कोसांवर.

शाळेत शालिग्राम गुरुजी भूगोल शिकवत होते. हिंमतराव दारात आले तशी पोरं ताडकन उभी राहिली. पाटील आले म्हणून नव्हे, काठी आली म्हणून.

"गुरुजी, हे कोनं रोवलं माह्या वावरात?"

"मी रोवलं. रुख्मिणी सोबत होती."

"काऊन?"

गुरुजींनी खडू खाली ठेवला, पोरांना पाढे म्हणायला लावले आणि हिंमतरावांना बाजूच्या खोलीत नेलं. तिथं दोन बाकं जोडून त्यांवर तालुक्याचा नकाशा पसरला होता. नकाशावर मेणकापडासारखं पारदर्शक कापड, आणि कापडावर निळ्या शाईनं काढलेली एक वेडीवाकडी रेघ. ती रेघ म्हणजे कोकणचा किनारा. खामगावच्या स्टेशनावर बंदर आलं होतं, खामगावच्या पश्चिमेला सगळा समुद्र झाला होता, आणि त्या समुद्रात, बरोबर हिंमतरावांच्या नाल्याकाठच्या वावरावर, एक तांबडी फुली होती.

"हे खूळ कोनाचं?" हिंमतराव म्हणाले.

खूळ रुख्मिणीचं होतं. तिचा नवरा निवृत्ती मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. घरी दीड एकर बरड. त्यात दोन भाऊ खपून तिसऱ्याला काही उरत नव्हतं, म्हणून कुणाच्या तरी ओळखीनं तो मुंबईला गेला आणि समुद्राला लागला. सुटीवर येताना तो जहाजावरचे रद्द झालेले नकाशे घेऊन यायचा. नवा नकाशा आला की जुने टाकून देतात म्हणे. कागद मोठा, जाड, धोतराच्या पानाएवढा. झुंबरबाई, म्हणजे त्याची आई, आणि रुख्मिणी त्यावर पापड वाळवत. गावात त्याला समुद्राचा कागद म्हणत, आणि उन्हाळ्यात चार घरच्या बाया तो मागून नेत.

भादव्यात त्याचं जहाज खडकावर आपटून बुडालं. कंपनीचा साहेब गावात आला, हिंमतरावांच्याच बैठकीत बसला, त्यांचाच चहा प्याला, आणि अथांग समुद्रात, फार लांब, मदत पोहोचणं शक्यच नव्हतं, असं सांगून डोळे पुसून गेला. जाण्याआधी रुख्मिणीनं त्याच्यापुढे पापडाचा नकाशा टाकला. कोठं, ते तरी दाखवा, म्हणाली. साहेबानं पेन्सिलीनं फुली मारली. पण त्या कागदावर नुसते आकडे. ना गाव, ना नाला, ना रस्ता. बाई तो कागद घेऊन गुरुजींकडे आली. हे आपल्या इकडं कोठपर्यंत येते, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"मी त्या नकाशावर चौकोन पाडले," गुरुजी सांगत होते. "त्याचे मैल मोजले, आपल्या नकाशाचे मैल मोजले, आणि एकाच मापात आणून हे यावर ठेवलं. मग तिला जागा बघायची होती. म्हणून काठी."

"न् माह्या बाया वावरात पाय ठेवत नाई, त्याचं काय? ती झुंबरबाई रोज भाकरतुकडा आनून ठेवते तथी. कावळे जमा होऊन राह्यले. तुमी शिकलेले लोक, तुमाले काही लाज?"

"चुकलं माझं. तुम्हाला विचारायला हवं होतं."

माणूस चूक कबूल करतो तेव्हा रागाची मोठी पंचाईत होते. हिंमतरावांनी काठी भिंतीला टेकवली, नकाशावर वाकले आणि आवाज जरा खाली आणला.

"मंग असं करा ना. थोडं दूर सरकवा. ते काय खरं जहाज हाये? पार धामनगाव बढ्याकडच्या बरडावर नेऊन टाका. कोनाले त्रास नाई."

"फिरवता येईल," गुरुजी म्हणाले. "बंदर दुसऱ्या गावावर ठेवलं तर फुली दुसऱ्याच्या वावरात जाईल. पण लांब नाही नेता येणार."

"काऊन नाई? बोटभर तर कापड सरकवाचं हाये."

"साहेब म्हणतो, लांब होतं. मीही लांब नेलं, तर त्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला, हिंमतराव?"

"बंदर खामगावात ठेवाची अक्कल कोनाची?"

"तिचीच. निवृत्ती नोकरीवर जाताना खामगावच्या गाडीत बसायचा. तिला तेवढंच एक बंदर ठाऊक आहे."

हिंमतराव पुन्हा नकाशावर वाकले. फुलीच्या बाजूला एक बारीक आकडा होता. बोट ठेवून त्यांनी विचारलं, हा कायचा.

"पाण्याची खोली. सात वाव." गुरुजींनी दोन्ही हात आडवे पसरून दाखवलं. "हा एक वाव. असे सात. तिथं पाण्याखाली खडकाची रांग आहे, म्हणून उथळ."

"उथळ असो नाही तर डोंगर असो. मले माह्यं वावर मोकळं पायजे," हिंमतराव म्हणाले आणि निघाले.

तिथून ते सरळ झुंबरबाईच्या दारात गेले. गुरुजींवर ओरडून पोट भरलं नव्हतं, तेव्हा वड्याचं तेल वांग्यावर निघणारच होतं. झुंबरबाई ओसरीवर तुरी पाखडत होती. रुख्मिणी जातं टाकीनं टोचून घ्यायचं म्हणून दोन हातांनी ओढून बाहेर आणत होती. कपाळावर कुंकू होतं. त्यावरूनही गावात कुजबुज होती, पण तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

"सूनबाई," हिंमतराव अंगणातूनच कडाडले, "मेलेल्याले माह्या वावरात आनून काऊन टाकलं? तुह्यं स्वतःचं वावर नाई काय?"

रुख्मिणीनं जातं ठेवलं. हात पदराला पुसले.

"आमच्या वावरात पडला असता तर बरंच झालं असतं, मामाजी. पडला नाई."

"उद्यापासून तथी कोनी जाचं नाई. ना तू, ना सासू."

"सायेब येऊन राह्यला शुक्रवारी. अंगठा पायजे म्हने त्याले माह्या. लांब होतं, मदत येऊच शकत नव्हती, असं लिवलेलं हाये कागदावर. तुमची सही साक्षीदार म्हनून. शुक्रवारलोक थांबा. मंग नाई येत आमी तथी."

"शुक्रवारलोक कापूस मातीत जाईन!"

"जाईन," रुख्मिणी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण ओसरीवरचं सूप थांबलं. "कापूस पुढच्या वर्सी बी येते."

हिंमतरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गावात त्यांच्यापुढे बाई अशी बोलत नसे. फाटक आपटून ते बाहेर पडले.

घरी जायचं मन नव्हतं, म्हणून ते पुन्हा वावरात गेले. बाया निघून गेल्या होत्या. दहीभात कुत्र्यानं सांडला होता. झाकण एकीकडे, गंज एकीकडे. विहिरीच्या थारोळ्यावर ते जाऊन बसले. मोटेचा नाडा कठड्याशी गुंडाळी होऊन पडला होता. हिंमतरावांनी चाळा म्हणून त्याचं टोक उचललं. मग उभे राहून दोन्ही हात आडवे पसरले आणि नाडा छातीवरून ताणला. एक. पुन्हा सरकवून ताणला. दोन.

सात झाले तरी नाडा पुष्कळ उरला होता.

त्यांनी खाली वाकून विहिरीत पाहिलं. ही विहीर त्यांच्या बापानं खोदली होती. दुष्काळी साली हिच्यात शेजारच्या किसनरावाची वगार, म्हशीची पारडी, पडली, तेव्हा कमरेला दोर बांधून स्वतः हिंमतराव खाली उतरले होते. वर अर्धं गाव उभं. वगार जिवंत निघाली, हिंमतरावांना दोन दिवस ताप आला, आणि ती गोष्ट पुढं वर्षभर ते जो भेटेल त्याला सांगत होते.

बुडणाऱ्याला सात वाव काय आणि सत्तर वाव काय, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण साहेब अथांग म्हणाला होता. त्यांच्या बैठकीत, त्यांच्या गादीवर, त्यांच्या कपबशीत चहा पिऊन अथांग म्हणाला होता, आणि त्यांनी मान डोलावली होती. वर बायकोला सांगितलं होतं की बिचारा फार हळव्या मनाचा माणूस आहे.

"भामटा," हिंमतराव विहिरीकडे पाहून म्हणाले.

शुक्रवारी साहेबाची मोटार खामगावच्या रस्त्यानं धुरळा उडवत आली, तेव्हा हिंमतराव आपल्या वावरापाशी रस्त्याच्या मधोमध उभे होते. बाजूला गुरुजी, गुरुजींच्या काखेत नकाशांची गुंडाळी. झुंबरबाई आणि रुख्मिणी धुऱ्यावर बसल्या होत्या. हे पाहायला गाव लोटलं नसतं तरच नवल. तानुबाईची टोळीही दुसऱ्याच्या वावरातून सुटून आली होती.

"कागद घरी बसूनच करू या की, पाटील," साहेब खिडकीतून म्हणाला. गोरा, मऊ बोलणारा माणूस, हातात कातडी पिशवी.

"इथंच करू. खाली उतरा."

गुरुजींनी मोटारीच्या तापलेल्या टपावर तालुक्याचा नकाशा पसरला, वर कापड ठेवलं, वारा लागू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर ढेकळं ठेवली. साहेबानं चष्मा लावला. त्याला ते काय आहे हे समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो किंचित हसला.

"हुशारी आहे. पण याला काही अर्थ नाही, मास्तर. जमीन वेगळी, समुद्र वेगळा."

"मैल वेगळा हाये काय?" हिंमतरावांनी विचारलं.

"मैल जवळपास तोच. पण—"

"मंग सांगा, तुमी खामगावाहून निघाले. इथलोक यायले किती येळ लागला?"

"रस्ता खराब आहे. तासभर."

"मी बाजार करून बैलगाडीनं येतो. येताना मी झोपून राह्यतो, सायेब. बैल आनते मले घरी. रात असो, पानी असो."

बायांमधून कुणीतरी हसलं. साहेबाला ते आवडलं नाही.

"त्या रात्री तुफान होतं, पाटील. तुम्ही समुद्र पाहिलेला नाही. अशा समुद्रात कोणी जाऊ शकत नाही."

"कबूल. मी नाई पाह्यला. तुमी त्या दिवशी सांगतलं का तिघं जन वाचले."

"हो. तिघांना वाचवण्यात आलं."

"कोनं वाचवलं?"

"तिथल्या कोळ्यांनी."

"कशात बसून गेले होते ते?"

साहेबानं चष्मा काढला, रुमालानं पुसला.

"होडीत."

"वल्ह्याच्या होडीत?"

"हे पाहा, हे सगळं चौकशीत आलेलं आहे. तुम्ही नुसतं साक्षीदार म्हणून—"

"न् तुमची आगबोट कोठं होती?"

गुरुजींनी चमकून हिंमतरावांकडे पाहिलं. आगबोटीचं कुणी सांगितलं नव्हतं. हिंमतरावांनी अंधारात दगड मारला होता. पण साहेबाचा चेहरा पाहून दगड लागला हे सगळ्यांना दिसलं.

"कंपनीचं दुसरं जहाज बंदरात होतं," साहेब सावकाश म्हणाला. "मालानं भरलेलं. ते बाहेर काढायचं तर मुंबईहून हुकूम लागतो. कप्तानानं तार केली होती. हुकूम सकाळी आला. तोवर कोळी जाऊन आलेले होते."

मुंबई आपली झाली म्हणून अवघ्या दोनच वर्षांपूर्वी याच गावात गुलाल उधळला होता, आणि सगळ्यांत जास्त हिंमतरावांनी उधळला होता. त्यांनी रस्त्यावर थुंकलं.

"न् रातभर लोक कायले धरून होते?"

"जहाज खडकावर बसलं होतं. त्याचा खांब पाण्याच्या वर होता. त्याला..."

साहेब थांबला. रुख्मिणी धुऱ्यावरून उठून मोटारीजवळ आली होती. तिनं नकाशाकडे पाहिलं नाही. ती साहेबाकडे पाहत होती.

"हा होता का खांबाले?"

"बाई, हे तुम्ही ऐकून काय करणार?"

"होता का?"

कापडाचा एक कोपरा वाऱ्यानं उचलला. गुरुजींनी तो हातानं दाबला.

"वाचलेल्यांनी सांगितलं की होता," साहेब म्हणाला. "पहाटेपर्यंत होता म्हणतात. मग हात सुटला असेल."

झुंबरबाईला हे ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. ती धुऱ्यावर होती तशीच बसून होती. मग साहेबानं, काही तरी करायला हवं म्हणून असेल, पिशवीतून कागद काढला, शाईची डबी काढली आणि टपावर नकाशाच्या बाजूला ठेवली. इतकं होऊनही ठेवली. याला निर्लज्जपणा म्हणावं की सवय, देव जाणे.

"कागदाशिवाय तुमचं पुढचं काहीच हलणार नाही, बाई. हे मी तुमच्याच भल्याचं सांगतो."

रुख्मिणीनं डबीचं झाकण लावलं आणि ती साहेबाच्या हातात दिली.

"नाई देत अंगठा."

"न् मी सही नाई करत!" हिंमतराव गरजले. "हे लांब हाये? हे लांब असन तर माह्यं घर बी लांब हाये, खामगाव बी लांब हाये, तुमची मुंबई तर जगातच नाई! माह्या बैलाले समजते ते तुमच्या कंपनीले समजत नाई? मानूस खांबाले लटकून होता रातभर, न् तुमी तारेची वाट पाहून राह्यले! अथांग म्हने! सात वाव पानी! माह्या इहिरीत याच्याहून जास्त हाये!"

साहेब मोटारीत बसला. ड्रायव्हरनं हॅण्डल मारलं. गुरुजींनी घाईघाईनं नकाशा उचलला, ढेकळं घरंगळून खाली पडली. मोटार वळली आणि आल्या रस्त्यानं गेली. धुरळा बसेपर्यंत हिंमतराव तिच्या दिशेनं बोलतच होते.

लोक भोवती गोळा झाले. पाटलांनी चांगलं हाणलं, असं चौघांनी म्हटलं. कुणी पाणी आणून दिलं. हिंमतरावांनी ते गटागट पिऊन तांब्या परत दिला, मिशी पुसली. कित्येक दिवसांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं त्यांना. राग कसा जागच्या जागी, नेमका पडला होता.

"शहरच्या लोकायले मानूसच नाई दिसत," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आपल्याकडं कोनी अर्ध्या रात्री हाक मारली असती, तर अख्खं गाव धावलं असतं. सगळ्यायच्या पुढं मी धावलो असतो."

रुख्मिणी गुरुजींना कापड गुंडाळायला मदत करत होती. ती थांबली.

"हाक मारलीच होती, मामाजी," ती म्हणाली.

हिंमतरावांना कळलं नाही.

"काठी रोवली, ते हाकच होती. दुसरं काय होतं ते? जवळ होतं, पाहा, असं म्हनून राह्यलो होतो आमी. तुमी आले. काठी उपटली, न् गुरुजीले म्हटलं का दूर सरकवा."

ती ओरडली नव्हती. गर्दीतल्या मागच्यांना ते ऐकूही गेलं नसेल. कापडाची गुंडाळी तिनं गुरुजींच्या हातात दिली, सासूला हाताला धरून उठवलं, आणि दोघी गावाच्या वाटेला लागल्या. झुंबरबाईनं भाकरतुकड्याची पिशवी सोबत आणली होती. ती तिनं न सोडताच परत नेली.

हिंमतरावांनी आजूबाजूला पाहिलं. ज्याच्यावर ओरडावं असं कुणी उरलं नव्हतं. गुरुजी चप्पल झटकत होते. लोक एकेक करून पांगले.

त्या रात्री ते जेवले की नाही, हे त्यांच्या बायकोला विचारा. गीताबाईनं एवढंच पाहिलं की सकाळी त्यांनी तिचं एक जुनं लुगडं मागितलं, आणि कायले म्हणून विचारलं तर खेकसले.

वावरात पोचल्यावर त्यांनी त्या लुगड्याची ओटी कमरेला बांधली. नीट बसेना. गाठ सुटली, पुन्हा बांधली. मग नाल्याकाठच्या त्या कोपऱ्यात जाऊन त्यांनी पहिल्या झाडाला हात घातला. पन्नाशीचा माणूस, सोळा एकरांचा मालक, जन्मात कधी कापूस वेचला नव्हता. बोंडाची वाळकी टोकं बोटांत शिरत होती, कापसाबरोबर पाला येत होता, आणि अर्धा कापूस ओटीच्या बाहेरच पडत होता. त्यांनी झाडाला शिवी दिली. मग कंपनीला दिली, साहेबाला दिली, आणि मग कुणाला द्यावी हे न सुचून गप्प राहिले.

तानुबाईची टोळी दुसऱ्याच्या वावराला जाता जाता रस्त्यावर थबकली.

"पाटील, बायकायचं काम काऊन करून राह्यले?"

"तुमी येत नाई, मंग कोन करीन?"

"सीतादही नाई झाली अजून."

"नाई झाली तर नाई झाली."

"न् सुरुवात तथूनच काऊन? इकडं सोपं हाये ना."

हिंमतराव त्याच झाडावर वाकून राहिले. बाया आपसांत काही बोलल्या, पण पुढं गेल्या नाहीत. थोड्या वेळानं गावाकडून रुख्मिणी येताना दिसली. कमरेला ओटी होती, नीट, घट्ट बांधलेली. बायांकडे न पाहता ती धुरा ओलांडून आत आली आणि हिंमतरावांच्या शेजारच्या तासाला उभी राहिली. तिचे दोन्ही हात एकदम चालत. बोंड जागेवर राही, कापूस तेवढा हातात येई.

दोघं वेचत राहिले. ती चार झाडं पुढं गेली.

"पोरी," हिंमतराव म्हणाले, "मी काल..."

"मी माफ करायले नाई आली, मामाजी," रुख्मिणी मागं न पाहता म्हणाली. "रोजानं आली."

"हाव," हिंमतराव म्हणाले, आणि तिच्या मागून खाली राहिलेली बोंडं वेचू लागले.